त्या वाक्यात कर्ता कुठे आहे? मुलांना जातीचा आणि समतेचा इतिहास सांगताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी आठ ते चौदा वयाच्या मुलांसोबत दर शनिवारी वाचनवर्ग घेते. इतिहासाची पुस्तकं मोठ्यानं वाचायची, त्यावर चित्रं काढायची, गाणी ऐकायची आणि मग भरपूर भांडायचं, असा आमचा क्रम असतो. महाराष्ट्रातल्या जातिव्यवस्थेचा आणि ती मोडू पाहणाऱ्या माणसांचा इतिहास आम्ही टाळत नाही. त्यावरून पालक आणि शिक्षक मला जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

इतक्या लहान मुलांना जात कशाला शिकवायची? त्यांना काय कळतं त्यातलं?

त्यांना आधीच कळलेलं असतं. वर्गात नवीन मूल आलं की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला "तुझं आडनाव काय?" येतं, आणि विचारणाऱ्याला नुसतं आडनाव नको असतं. घरकाम करणाऱ्या मावशींचा कप वेगळा का, अमक्याच्या डब्यातलं आजी खाऊ का देत नाही, हे मूल रोज बघतं. आपण गप्प राहिलो तरी ही शिकवणी चालूच राहते. तिला उलट उत्तर देणारं घरात कुणी नसतं, एवढाच काय तो फरक.

शिवाय वयाचं म्हणाल, तर मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुलगी चौदा वर्षांची होती, जेव्हा तिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये तो छापून आला. ज्यांनी हे भोगलं, त्यांना "तू अजून लहान आहेस" असं म्हणून कुणी वगळलं नव्हतं.

'खरा इतिहास' म्हणजे नेमकं वेगळं काय सांगायचं? पाठ्यपुस्तकात आहेच की सगळं.

माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलांच्या पुस्तकांत हमखास सापडणारं वाक्य बघा: "पूर्वी काही लोकांना सार्वजनिक तळ्यावर पाणी भरू दिलं जात नसे." व्याकरणाच्या तासाला आपण विचारतो तेच इथे विचारा. कर्ता कोण? कोण भरू देत नसे? वाक्यात कुणीच नाही. 'पूर्वी' नावाची कुठली तरी वाईट वेळ होती आणि तिनंच हे केलं, असं वाटावं अशी त्याची रचना आहे. दुष्काळ पडतो, पूर येतो, तशी अस्पृश्यता आली आणि गेली.

आता महाडची गोष्ट कर्त्यांसकट सांगून बघू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्य ठरवलेल्या लोकांनाही खुले असावेत. १९२४ साली महाड नगरपालिकेनं त्यानुसार चवदार तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर. गावातल्या सवर्णांच्या धाकामुळे प्रत्यक्षात तिथे पाणी घ्यायला कुणी जाऊ शकत नव्हतं. रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परिषद भरवली, डॉ. आंबेडकरांना बोलावलं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्यामागून हजारो माणसं तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. त्यानंतर गावातल्या सवर्ण जमावानं परत निघालेल्या माणसांवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला केला. मग काहींनी तळ्यातून १०८ घागरी पाणी काढलं, पंचगव्य मिसळलं आणि तळं 'शुद्ध' झाल्याचं जाहीर केलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपलाच ठराव मागे घेतला. काही सवर्णांनी कोर्टात जाऊन मनाईहुकूम मिळवला. अखेर १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयानं निकाल सत्याग्रहींच्या बाजूनं दिला. एका ओंजळीनंतर कोर्टात दहा वर्षं.

या सांगण्यात प्रत्येक क्रियापदाला धनी आहे. कुणी ठराव केला, कुणी अडवलं, कुणी मारलं, कुणी शेणमूत्र ओतलं, कुणी निकाल दिला. हे ऐकणारं मूल पुढचा प्रश्न आपोआप विचारतं: "त्यांनी असं का केलं?" कर्ता नसलेल्या वाक्यातून हा प्रश्न कधीच उगवत नाही.

आमच्या वर्गात मुलांनी याचा खेळच करून टाकला आहे. वाचताना कुणीही मध्येच हात वर करून "कर्ता!" असं ओरडायचं. मग सगळ्यांनी मिळून तो शोधायचा. कधी तो पुढच्या पानावर सापडतो, कधी दुसऱ्या पुस्तकात, कधी सापडतच नाही. सापडला नाही की पेन्सिलीनं समासात प्रश्नचिन्ह.

कोणत्या वयाला किती सांगावं?

सहा-सात वर्षांच्या मुलाला अन्याय पाण्याच्या गोष्टीतून नीट कळतो. तहान प्रत्येकाला लागते. या वयात मारहाण, खून यांची वर्णनं नकोत. दहाच्या पुढे हल्ला झाला, डोकी फुटली हे सांगता येतं. स्त्रियांवरचे अत्याचार, सामूहिक हत्याकांडं, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वेळी मराठवाड्यात पेटवलेली घरं, हे चौदा-पंधराच्या आधी मी काढत नाही, आणि काढलं तर त्या दिवशी वेळेचं बंधन ठेवत नाही.

एक पथ्य मात्र सर्व वयांसाठी. कमी सांगा, पण खोटं सांगू नका. "नंतर सगळे एकत्र राहू लागले" हे वाक्य सहा वर्षांच्या मुलालाही सांगू नये. दहाव्या वर्षी त्याला ते खोटं असल्याचं कळतं आणि मग तुमच्या बाकीच्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

पुस्तक हातात घेतल्यावर चांगलं-वाईट कसं ओळखायचं?

मी आधी चित्रं बघते, मजकूर नंतर. कोण उभं आहे आणि कोण बसलं आहे? कोणाचा चेहरा नीट काढला आहे आणि कोण नुसत्या आकृत्या आहेत? फार पुस्तकांत दलित, आदिवासी माणसं म्हणजे हात जोडलेली गर्दी असते, एकसारख्या चेहऱ्यांची, आणि समोर उजळ रंगाचा एक उद्धारक. खलनायकाला काळा रंग आणि नायिकेला गोरा, हे तर इतकं सवयीचं झालं आहे की चित्रकाराच्याही लक्षात येत नसावं. चोर दाखवायचा म्हणून भटक्या जमातीचा पोशाख चढवलेली चित्रं अजून दिसतात. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का कायद्यानं पुसायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला, आणि चित्रांतून तो अजून पुसला गेलेला नाही.

मग गोष्ट कोण सांगतंय ते बघते. ज्याच्यावर अन्याय झाला तो स्वतः बोलतोय, की दुसरं कुणी त्याच्याबद्दल हळहळतंय? हळहळ वाचून मूल दया शिकतं. दया करणारा नेहमी वरच्या पायरीवर उभा असतो, म्हणून मला ती पुरेशी वाटत नाही.

या कसोटीवर माझं सगळ्यात लाडकं लेखन म्हणजे बाबासाहेबांनी स्वतःच्या लहानपणाबद्दल लिहिलेलं. १९०१ साली साताऱ्याहून ते भाऊ आणि भाच्यांसोबत आगगाडीनं मसूरला निघाले, वडिलांना सातारा जिल्ह्यातल्याच गोरेगावला भेटायला. नवे कपडे, खूप उत्साह. वडिलांकडून कुणीच न्यायला आलं नाही. स्टेशनमास्तरनं प्रेमानं चौकशी केली, जात कळताच त्याचा चेहरा बदलला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. गाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, आणि मुलांनी स्वतः बैलगाडी हाकायची, गाडीवान बरोबरीनं चालणार. डब्यात खायला भरपूर होतं, पण रात्री टोलनाक्यावर मागूनही पाणी मिळालं नाही, आणि पाण्याविना जेवणार कसं. शाळेत नळाला हात लावायची बंदी आणि शिपाई नसला की पाणीच नाही, हेही त्यांनी लिहून ठेवलं आहे. दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनी बघितलेलं असल्यामुळे दहा वर्षांचं मूल त्यात थेट शिरतं. समजावून सांगावं लागत नाही.

आमच्या घरी थोर व्यक्तींची भरपूर चरित्रं आहेत. ती पुरेशी नाहीत का?

सुरुवातीला ठीक आहेत. बहुतेकांची अडचण अशी की त्यांत एकच माणूस असतो. महाडला बाबासाहेब एकटेच होते असं वाटतं. तिथे मोरे होते, अनंतराव चित्रे होते, नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस होते. डिसेंबरमधल्या दुसऱ्या परिषदेला कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. त्याच परिषदेत २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली, आणि तो ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण होते. ही नावं गळली की मुलाच्या मनात एक चुकीचा धडा ठसतो: बदल फक्त महापुरुष घडवतात आणि मी काही महापुरुष नाही.

सावित्रीबाईंचं तर फार वाईट होतं. शेण-दगडांचा मारा आणि पिशवीतलं दुसरं लुगडं, एवढ्याच प्रसंगात त्यांना गोठवून टाकतात. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात सुरू झालेल्या शाळेत त्या काय शिकवत, कविता कशा लिहीत, १८६३ साली फुले दांपत्यानं विधवांसाठी काढलेलं बालहत्या प्रतिबंधक गृह कसं चालवलं, प्लेगच्या साथीत आजारी मुलाला उचलून आणताना स्वतःला लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या कशा गेल्या, यातलं मुलांना फार थोडं माहीत असतं. आमच्या वर्गातली एक नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "ताई, त्यांना नुसतं शेणच मारत होते का? त्या काही करत नव्हत्या का?" ते ऐकून मी आमच्या कपाटातली दोन पुस्तकं बाजूला ठेवली.

फातिमा शेख खरंच होत्या का? मुलगा इंटरनेटवर वाचून आला आणि मला उत्तर देता आलं नाही.

या प्रश्नाबद्दल मुलाला शाबासकी द्या. १८५६ साली माहेरी नायगावला आजारपणात राहिलेल्या सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपल्या गैरहजेरीत तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं. एवढा धागा हातात आहे. मात्र तिचा जन्मदिवस, तिचं शिक्षण, पुढचं आयुष्य याबद्दल ठामपणे सांगितलं जाणारं बरंच काही नंतर जोडलेलं आहे.

हे मी मुलांना असंच सांगते. पत्र दाखवते आणि विचारते: एका बाईविषयी एवढंच का उरलं? तिच्याबद्दल लिहून ठेवणं कुणाला महत्त्वाचं वाटलं नसेल? पुन्हा कर्ताच शोधायचा, फक्त या वेळी न लिहिणाऱ्यांचा. पुरावा आहे तेवढंच म्हणायचं, आणि पुरावा कमी आहे म्हणून माणूस पुसून टाकायचं नाही, या दोन्ही सवयी एका नावातून लागतात.

चित्रकलेचा यात उपयोग कसा करायचा? मला चित्र काढता येत नाही.

मलाही फारसं येत नाही, मुलांना येतं.

परधान गोंड चित्रकार दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी बाबासाहेबांचं आयुष्य चित्रकथेत मांडलं आहे. त्यात बोलणं ज्या फुग्यांमध्ये लिहितात, ते फुगे त्यांनी वेगवेगळे केले. मऊ, आपुलकीचं बोलणं पक्ष्याच्या आकारात. जिव्हारी लागणारं बोलणं असेल, तर त्या फुग्याला विंचवाची नांगी. हे मुलांना दाखवलं आणि म्हटलं, आता तुम्ही आठवडाभरात ऐकलेली वाक्यं अशा फुग्यांत लिहून आणा. पुढच्या शनिवारी आलेल्या नांग्या बघून मी बराच वेळ काही बोलू शकले नाही. घरातली, रिक्षातली, मैदानावरची वाक्यं होती. दोन मुलांनी स्वतःच बोललेली वाक्यंही नांगीच्या फुग्यात घातली होती, न सांगता. व्याख्यान देऊन हे होत नाही.

थोड्या मोठ्या मुलांना चित्तप्रसाद भट्टाचार्य यांची काळी-पांढरी चित्रं दाखवते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात ते गावोगाव पायी फिरले, भुकेली माणसं रेखाटली, आणि अनेकांची नावगावासह नोंद केली. इंग्रज सरकारनं या चित्रांच्या पुस्तिकेच्या प्रती जप्त करून जाळल्या. पुढे मुंबईत राहून त्यांनी राबणाऱ्या मुलांची लिनोकट चित्रं, म्हणजे लिनोच्या तुकड्यावर कोरून छापलेली, केली. बूटपॉलिश करणारं, ओझं वाहणारं, रस्त्यावर झोपलेलं मूल. माझ्या वर्गातल्या मुलांना त्यात कुणीतरी ओळखीचं दिसतंच. लिनो आणि कोरण्या नसतील तर बटाटा किंवा जाड खोडरबर चालतो. ठसा उमटवताना उजवं-डावं उलटतं, त्यावरून हसू येतं, आणि जड विषयात ते लागतं.

संविधानाची मूळ हस्तलिखित प्रतही मुलांना पानोपानी दाखवावी. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी ती हातानं लिहिली आणि नंदलाल बोस व शांतिनिकेतनच्या चित्रकारांनी सजवली. उद्देशिकेच्या पानाची नक्षी बेओहार राममनोहर सिन्हांची. आम्ही अनुच्छेद १७, म्हणजे अस्पृश्यता नष्ट करणारा, मोठ्या कागदावर लिहून त्याची चौकट स्वतः सजवली. कुणी तळं काढलं, कुणी नळ, एका मुलीनं नुसते पेले काढले, सगळे सारखे.

शाळेत वारली चित्रं काढतातच. त्यात काय अडचण आहे?

चित्र काढण्यात अडचण नाही. त्या त्रिकोणी माणसांचा इतिहास कुणी सांगत नाही, ही अडचण आहे. भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक लिहिणाऱ्या मुळात बायका होत्या. जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला कागदावर, जगभर नेली. आणि जो वारली समाज मुलांना फक्त तारपा नाचातून माहीत असतो, त्यानं १९४५ साली डहाणू-तलासरी भागात सावकार आणि जमीनदारांची वेठबिगारी झुगारून दिली. कर्जापायी नवरा-बायको दोघांना राबवून घेणारी 'लग्नगडी' पद्धत होती, तीही त्यांनी मोडली. गोदावरी आणि शामराव परुळेकर, किसान सभेचे कार्यकर्ते त्यांच्यासोबत होते. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, वारली माणसं मेली, तरी लढा थांबला नाही.

हे सांगितल्यावर मुलांना म्हणा, आता याच आकृत्यांनी 'आम्ही वेठीला येणार नाही' म्हणणारी माणसं काढा. फुलदाणीवरच्या नक्षीपेक्षा हे चित्र वेगळं येतं. आणि कुणी आदिवासी चित्रकार वर्गात येऊन शिकवायला तयार असतील, तर त्यांना मानधन द्या. नुसता पुष्पगुच्छ देऊ नका.

गाणी चालतील का? वाचनाचा कंटाळा येतो मुलांना.

चालतील म्हणजे काय, ही चळवळ गाण्यांवरच चालली. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन जलसे उभे केले. पुढे भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगावी नेले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख डफ घेऊन उभे राहिले. वामनदादा कर्डकांना अक्षरओळखच मोठेपणी झाली, आणि त्यांनी हजारो गाणी लिहिली. ज्यांना शाळेनं दारात उभं केलं नाही, त्यांनी इतिहास असा ऐकून आणि गाऊन जपला. मुलांच्या आजीआजोबांना यातलं एखादं गाणं येत असेल, तर मोबाइलवर लावण्याआधी त्यांनाच म्हणायला सांगा.

वर्गात हे प्रसंग नाटकातून करून घेऊ का?

सावधपणे. एका मुलाला 'अस्पृश्य' बनवून बाकीच्यांनी त्याला हाकलायचं, असला प्रयोग कधीही करू नका. कितीही चांगल्या हेतूनं केला तरी हाकलला जाणारा खरंच दुखावतो, आणि हाकलणाऱ्यांना त्यात मजा येते हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. वर्गात एखादं दलित मूल असेल, तर सगळ्या नजरा त्याच्याकडे वळतात. आम्ही त्याऐवजी सभा करतो. महाड नगरपालिकेची १९२४ ची बैठक, कोल्हापूर दरबारातली चर्चा, कोर्टातला युक्तिवाद. मुलं कारणं देतात, खोडून काढतात. अपमान करून दाखवावा लागत नाही.

जातींची नावं उच्चारावीत का?

इतिहास वाचताना हो. मुक्ताबाईंनी आपल्या निबंधात ती लिहिली, बाबासाहेबांनी लिहिली. नाव गाळलं की पुन्हा ते "काही लोक" होतात. मात्र तोच शब्द मैदानावर शिवीसारखा आला तर तो गुन्हा आहे आणि त्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, हेही मुलांना त्याच दिवशी सांगून ठेवा.

"मग आपले पणजोबा पण असंच वागले का?" असं मुलीनं विचारलं. काय सांगू?

माहीत असेल ते सांगा. आमच्या घरात माझ्या आजीनं पाण्याचा तांब्या उंचावरून ओतलेला मी लहानपणी पाहिला आहे. मी ते वर्गात सांगते. आजीवर माझं प्रेम होतं, ते आजही आहे, आणि तिनं केलं ते चूक होतं. मुलांना ही दोन वाक्यं एकत्र पेलतात. मोठ्यांनाच त्यातलं एक सोडावंसं वाटतं.

मुलीला अपराधी वाटलं तर घाबरू नका, पण त्यातच बसूही देऊ नका. तिला सहस्रबुद्ध्यांची, टिपणिसांची नावं सांगा. तसल्याच घरांत जन्मून वेगळं वागलेली माणसं त्या काळीही होती. "तेव्हाचा काळच तसा होता" या सबबीला तेच उत्तर आहे.

आमच्याच घरानं हे भोगलं आहे. मुलाला ती जखम पुन्हा कशाला दाखवायची?

या प्रश्नापुढे मी सल्ला देणारी कोण, असं मला वाटतं. काय आणि कधी सांगायचं हे तुमच्या घरानं ठरवायचं. एवढं मात्र शिक्षकांना बजावून सांगेन: वर्गातल्या दलित किंवा आदिवासी मुलाला "तुझ्या घरचा अनुभव सांग" म्हणून उभं करू नका. ते मूल तुमच्या धड्याचं साधन नाही.

आणि या इतिहासात नुसती जखम नाही. चौदा वर्षांची मुक्ता आपल्या लोकांना ज्ञानाचं औषध घ्यायला सांगते. संत कवयित्री सोयराबाई चौदाव्या शतकात अभंगातून देवालाच विचारते की विटाळ देहात असेल तर तो कुणाच्या देहात नाही. इतकं धीट बोलणं ज्याच्या वारशात आहे, त्या मुलाला ते आधी मिळायला हवं. अपमानाच्या गोष्टी मागून आल्या तरी चालतील.

आरक्षणाचा विषय निघाला की वर्गात भांडण होतं.

आठवी-नववीच्या मुलांचं होतंच. मी तो वाद आजच्या गुणांच्या टक्क्यांपासून सुरू न करता २६ जुलै १९०२ पासून सुरू करते. त्या दिवशी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या रिक्त जागांपैकी निम्म्या मागास समाजांसाठी राखल्या. त्यांना हे का करावं लागलं? तेव्हा दरबारातल्या वरच्या जागांवर कोण होतं? मग १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय आणि वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं. नुसत्या नोकऱ्या राखून भागत नाही, त्याआधी शाळा लागते, हे मुलांच्या लक्षात येतं.

आणि गंगाराम कांबळे यांचं चहाचं दुकान. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारणाऱ्यांना महाराजांनी शिक्षा केली, दुकान काढायला भांडवल दिलं. दलिताच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? महाराज स्वतः येऊन थांबत, चहा घेत आणि सोबतच्या मंडळींनाही पाजत. कायदा आणि कप, दोन्ही लागले.

हे सगळं आता संपलं ना, असं मूल विचारतं.

नाही, असं सांगा. अस्पृश्यता २६ जानेवारी १९५० पासून घटनेनं बंद आहे. तरी हातानं मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा करावा लागला आणि २०१३ साली पुन्हा दुसरा. जातपंचायतींचे बहिष्कार रोखायला महाराष्ट्र विधिमंडळानं २०१६ साली कायदा मंजूर केला. न घडणाऱ्या गोष्टींविरुद्ध कायदे होत नाहीत. वर्तमानपत्रातली एखादी बातमी घ्या आणि तोच खेळ खेळा: "मृत्यू झाला", "बहिष्कार टाकण्यात आला". कर्ता कुठे आहे?

शाळेकडे किंवा सोसायटीत कुणी तक्रार केली तर?

होते कधी कधी. मी शांतपणे पुस्तक दाखवते आणि वर्गात येऊन बसायचं आमंत्रण देते. उद्देशिका प्रत्येक पाठ्यपुस्तकात सुरुवातीलाच छापलेली असते. तिच्यातल्या 'समानता' आणि 'बंधुता' या शब्दांचा अर्थ आम्ही शिकतो, यापलीकडे सांगण्यासारखं काही नसतं. येऊन बसलेल्या दोन पालकांपैकी एक नंतर पुस्तकं घेऊन आले. दुसऱ्यांनी मुलाला काढून घेतलं, आणि त्या मुलाची मला अजून आठवण येते.

वाचताना मूल रडलं तर?

थांबा, जवळ घ्या. पुस्तक मिटलं तरी चालतं. "असं काही नसतं रे" म्हणू नका. पुढच्या वेळी गोष्ट त्याच पानावरून पुढे न्या, कारण नाहीतर त्याच्या मनात ती रडण्याच्या जागीच थांबलेली राहते.

सुरुवात कुठून करू?

मसूरच्या प्रवासापासून. एका बैठकीत वाचून होतो. वाचून झालं की मुलाला ती बैलगाडी काढायला सांगा: कोण बसलं आहे, कोण चालतंय, कासरा कोणाच्या हातात आहे. घाई करू नका, रंग भरू द्या. मग विचारा, या चित्रात पाणी कुठे आहे? आमच्या वर्गातल्या एका मुलानं कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला टोलनाक्याची खोली काढली, तिच्या कोपऱ्यात भरलेला माठ, आणि माठाशेजारी पाठमोरा माणूस. मी विचारलं, हा कोण? तो म्हणाला, "कर्ता."